सुरी बघायला नेलेला मासा

माणूस जनावरापासून वेगळा झाला तो पात्यामुळे. दगडाला धार लावण्याचं ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याच्यापासून संस्कृतीची सुरुवात झाली, असं जाणकार सांगतात. ती संस्कृती पुढे बरीच वाढली आणि एका सोमवारी सकाळी मासळीच्या दुकानात संपली, कारण धाकट्याने वहिनीची सुरी कचऱ्यात टाकली.

दुकान दोघा भावांचं. थोरला गल्ल्यावर बसतो, धाकटा दुकानाचं भवितव्य बघतो आणि थोरल्याची बायको मासे कापते. तिला अख्खा बाजार वहिनी म्हणतो, तिच्याहून वयाने मोठे असलेले बर्फवालेसुद्धा. धाकट्याने नुकतंच शनिवार-रविवारचं एक शिबिर केलं होतं. धंदा कसा वाढवावा हे तिथे शिकवतात; म्हणजे आधी काय फेकून द्यावं ते सांगतात. शिबिरातून परतल्यावर धाकट्याला दुकानात सगळीकडे अडगळ दिसू लागली. पहिल्या झटक्यात फुटका तराजू, जुनी टोपली आणि ती सुरी गेली.

"भावजी, माझी सुरी कुठंय?"

"कुठली सुरी?"

"आपल्याकडे शस्त्रागार नाहीये. एकच आहे."

"ती झिजलेली होय? अहो वहिनी, तिची काडी झाली होती. दात कोरायच्या लायकीची उरली होती फक्त."

"मग तुमच्या दातांसाठी तरी ठेवायची!"

कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. वहिनी तशीच ओल्या हातांनी कोपऱ्यापर्यंत धावली आणि गाडी वळताना बघून परत आली. सुरी झिजली होती हे खरंच. रोज दगडावर पाजळून पाजळून तिचं पातं अरुंद, पातळ आणि वहिनीच्या मनगटासारखंच वळणारं झालं होतं. माशाच्या मधल्या काट्याला चिकटून ती शेपटीपर्यंत जायची आणि काट्यावर इतकं कमी मांस ठेवायची की पाहिजे तर त्याच्या आरपार वर्तमानपत्र वाचता येईल. नवी सुरी अशी व्हायला वर्षं लागतात. फेकायला शिबिर पुरतं.

"त्यात एवढं काय?" धाकटा म्हणाला. "आता मशिनच घेऊ. विजेवर चालणारी सुरी मिळते. बटण दाबलं की पोरगंही कापेल. तुम्ही घरी बसून आराम करा."

आराम हा शब्द या घरात माणसाला दुकानातून हाकलताना वापरतात. सासऱ्यांनाही असाच आराम दिला होता. तेव्हापासून ते गॅलरीत बसून एका कुंडीला इतकं पाणी घालतात की ते झाडही आता आरामात आहे.

"आणि उद्याची हॉटेलची ऑर्डर?"

हॉटेलची ऑर्डर वहिनीने स्वतः मिळवली होती. नवऱ्याला न विचारता, दिराला न सांगता, एक दिवस कापलेल्या माशाचा डबा घेऊन ती थेट मॅनेजरच्या टेबलापर्यंत गेली होती. त्या हॉटेलला माशाचे सलग तुकडे लागायचे: काटा नाही, कातडी नाही, एकही फाटलेला नाही. तसं छापील कागदावर लिहून दिलं होतं.

"उद्या हॉटेलवाल्यांनी काही कुरकुर केली," धाकटा म्हणाला, "तर परवा मशिन येईल. नाही केली, तर मी मशिनचं नाव काढणार नाही. झालं?"

"काय हो, ऐकताय ना?" वहिनीने गल्ल्याकडे वळून विचारलं.

थोरला सुटे पैसे लावत होता. "दोघांचंही म्हणणं बरोबर आहे," तो म्हणाला. याच एका वाक्यावर त्याचा संसार आजवर चालला होता. त्या दिवशी चालला नाही. दुपारी दुकान बंद होताच वहिनीने त्याला बरोबर घेतलं, पिशवीत बर्फ आणि लांबट रुपेरी मासे घातले आणि दोघं सुऱ्यांच्या दुकानात गेली.

ते दुकान म्हणजे एखाद्या सोनाराचं असावं असं होतं. काचेचं टेबल, खाली मखमल आणि मखमलीवर सुऱ्या झोपवलेल्या. दुकानदाराने वहिनीकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं आणि थोरल्याला विचारलं, "बोला साहेब, कशासाठी हवीय?"

"मासे सोलायला," वहिनी म्हणाली.

"असं असं. मग साहेब, ही बघा." त्याने चांगली हातभर, रुंद पात्याची सुरी काढली आणि कागदाचा एक कपटा धरून सर्रकन कापून दाखवला. "काय धार आहे बघा साहेब!"

"मी कागद विकत नाही," वहिनी म्हणाली.

"टोमॅटो कापून दाखवू का साहेब?"

"अहो, मी इकडे आहे! साहेबांना बोंबील आणि बटाटा यांतला फरक कळत नाही."

साहेबांनी छताच्या पंख्याचा अभ्यास सुरू केला. वहिनीने ती रुंद सुरी उचलली, तिचं टोक टेबलाच्या लाकडी कडेवर टेकवून दाबली. पातं हललंसुद्धा नाही. "ही भिंत पाडायला ठीक आहे," ती म्हणाली आणि पिशवीतून एक मासा काढून सरळ काचेवर ठेवला.

"अहो बाई! हे काय करताय?"

"सुरी बघतेय."

"मासा घेऊन?"

"चपला घ्यायला जाताना तुम्ही पाय घरी ठेवून जाता का?"

दुकानात पलीकडच्या फळीवरची भांडी बघायला आलेल्या दोन बायका जवळ सरकल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "थांब गं, कढई काय पळून जात नाही." दुकानदाराने गिऱ्हाईक आणि काच यांत गिऱ्हाईक निवडलं, कपाळाला आठ्या घालून एक जुना पाट आणून दिला आणि म्हणाला, "डाग पडला तर सुरी घ्यावी लागेल."

"घ्यायलाच आलेय. लग्नाला नाही आले."

मग वहिनीने आपल्या मनाने एक सुरी निवडली. सगळ्यांत पातळ, सगळ्यांत अरुंद; दिसायला थेट कचऱ्यात गेलेल्या सुरीची बहीण. तिने कल्ल्यामागे छेद दिला, पातं आडवं केलं आणि काट्यावरून शेपटीकडे निघाली. अर्ध्या वाटेत पातं आपल्या मर्जीने वाकलं, वर चढलं आणि मांसातून भलतीकडेच बाहेर आलं. तुकड्याच्या मधोमध भोक पडलं. त्यातून पाट दिसत होता.

वहिनीच्या कानात धाकट्याचा आवाज साफ ऐकू आला: बटण दाबलं की झालं. जुनी सुरी झिजून मऊ झाली होती, तरी तिच्या पाठीत जोर होता. ही जन्मालाच मऊ आली होती. वहिनीला हे हातात घेण्याआधी कळायला हवं होतं, आणि कळलं नाही याचा राग तिने समोर जो सापडला त्याच्यावर काढला.

"तुम्ही इथे कशाला आलात हो?" ती नवऱ्यावर उसळली. "पंखा घ्यायचाय का?"

"तूच म्हणालीस चला."

"सकाळी तोंड उघडलं असतंत तर यावं लागलं नसतं! माझ्या हातातली वस्तू तुमचा भाऊ कचऱ्यात टाकतो, मला घरी बसवायला निघतो, आणि तुम्ही सुटे पैसे लावता. दोघांचंही बरोबर म्हणे! दोघांचं बरोबर असायला मी काय त्याच्या शिबिरात गेले होते?"

कढईवाल्या बायकांनी थोरल्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पंखाही सोडून दिला.

"अहो दुकानदार," तो खाकरून म्हणाला, "हिला... म्हणजे यांना, अजून दाखवा. यांनाच दाखवा. कापणार त्या आहेत."

लग्नानंतर चारचौघांत त्याने घेतलेली ही पहिली भूमिका असावी. वहिनीचा राग त्याने कमी झाला नाही, पण निदान एका जागी स्थिरावला.

दुकानदाराने खालचा खण उघडला. मखमलीवर बसायची ऐपत नसलेला माल त्यात होता. त्यातून काळ्या मुठीची एक साधी सुरी निघाली. वीतभराहून थोडं लांब पातं, टोकाकडे निमुळतं. वहिनीने टोक टेकवून दाबलं. पातं कमानीसारखं वाकलं आणि सोडताच टक्कन सरळ झालं. मग तिने माशाच्या पोटातला सगळा चिकटा मुठीला फासला.

"शी! अहो, नवी कोरी आहे ती!"

"मासे कापताना हात असेच असतात. अत्तर लावून बसत नाही मी."

मूठ सुटली नाही. पात्याच्या मुळाशी बोट पुढे घसरू नये म्हणून एक छोटा उंचवटा होता, तो बरोबर बोटाला लागत होता. वहिनीने दुसरा मासा घेतला. छेद दिला, पातं आडवं केलं आणि श्वास रोखून शेपटीपर्यंत गेली. मग तुकडा उलटा करून कातडीखालून सुरी सारली. तुकडा सलग सुटला. तिने काटा उचलून उजेडात धरला. त्याच्यावर मांजराचाही अपमान होईल इतपतच मांस होतं.

"हीच द्या," ती म्हणाली. "आणि धारेचा दगड. आणि हो, पुढच्या वेळी कोणी सुरी मागितली तर कापणार कोण ते आधी विचारा."

"मला पण एक अशीच द्या हो," मागची बाई म्हणाली. "आमच्याकडे मासे नसतात. पण असू दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीने हॉटेलचा सगळा माल एकटीने कापला. धाकटा हाताची घडी घालून शेजारी उभा होता. त्याने एक तुकडा उचलला, बोट फिरवलं, उलटून परत फिरवलं.

"काटा शोधताय? कल्ल्यांच्या बादलीत बघा, सगळे तिथे आहेत."

"वेळ किती लागला बघताय ना?" तो म्हणाला.

"सुरी शोधण्यात गेलेला धरून की सोडून?"

माल घेऊन ती स्वतः हॉटेलात गेली. धाकटाही मागोमाग आला. कुरकुर त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायची होती. मागच्या दाराशी स्वयंपाक्याने डबा घेतला, झाकण काढलं आणि आत न बघता पावतीवर "माल उत्तम" लिहून सही ठोकली. धाकट्याचा चेहरा पडला. मशिनचं नाव त्याच दारात संपलं. वहिनीने पावती घडी घालून कमरेला खोचली आणि काल सकाळनंतर पहिल्यांदाच तिच्या जबड्याची पकड सैल झाली.

स्वयंपाक्याने डबा उचलला आणि सगळे सलग तुकडे एकदम खिमा करायच्या यंत्रात ओतले.

"अहो, हे काय?" वहिनी ओरडली.

"कटलेट," तो म्हणाला.

"मग सलग तुकडे कशाला मागता?"

"ते मॅनेजर मागतात. ते मासे खात नाहीत."

त्या हॉटेलात पहिल्यापासून फक्त कटलेटच मिळतात.