एक मजला वर

दारात उभ्या असलेल्या माणसाने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. "बँकेतून आलोय. शिवणकाम करणाऱ्या ताई इथेच राहतात ना? घराच्या कर्जाची चौकशी होती."

"माझी धाकटी जाऊ ती. कापड आणायला गेलीय," थोरली म्हणाली आणि नाइलाजाने दारातून बाजूला झाली.

घराचं कर्ज हे शब्द हल्ली तिला कानावरही नको असायचे. मागच्याच आठवड्यात तिचा स्वतःचा अर्ज त्याच बँकेने परत पाठवला होता.

दोघी जावा लग्न होऊन आल्या त्या याच भाड्याच्या घरात. एकच स्वयंपाकघर, एकच नळ आणि एकमेकींचं उणंदुणं काढायला भरपूर वेळ. दोनेक वर्षांपूर्वी धाकटी म्हणाली होती, "ताई, चला की बँकेत. अर्ज नाही करायचा, कर्जाला काय काय लागतं ते नुसतं विचारून येऊ."

"घराचा पत्ता नाही आणि बँकेत कसली जातेस?" म्हणत थोरलीने पोट धरून हसत तिची टिंगल केली होती. धाकटी एकटीच जाऊन आली. त्यानंतर तिने गणवेशांच्या शिलाईचे पैसे रोख घेणं बंद केलं, सगळे खात्यात. उत्पन्नाचं विवरणपत्र भरायला लागली. मशीनचे राहिलेले हप्ते फेडून टाकले आणि नवऱ्याने नव्या टीव्हीचं नाव काढलं की त्याला गप्प बसवायची. 'चिक्कूपणाची कमाल आहे बाई,' असं थोरली शेजारणीला सांगायची.

मग एके दिवशी जेवता जेवता धाकटीने सांगितलं, की तिने फ्लॅट पसंत केलाय. तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीसकट.

थोरलीने हातातला घास ताटात ठेवला. काल आलेली ही पोरगी स्वतःच्या घरात राहणार आणि आपण मोठ्या असून हिच्या दाराची बेल वाजवायची! ती ताटावरून उठली ती हट्टालाच पेटली. नवऱ्याला घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेली. त्याच इमारतीत, मुद्दाम चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट निवडला आणि कोणालाही न विचारता बँकेत अर्ज ठोकला.

अर्ज परत आल्यावर ती भांडायला गेली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने समोर बसवून समजावलं. "काकू, काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. तेवढ्यात एवढं कर्ज फिटणार कसं? तुमची कमाई धरता आली असती, पण स्वयंपाकाच्या कामाचे पैसे तुम्हाला रोख मिळतात, त्याची नोंद कुठेच नाही. त्यात मोटरसायकलचे हप्ते चुकलेत."

"मग हे आधी सांगायचं नाही का?"

"विचारायला आला असतात, तर सांगितलं असतं. तुम्ही एकदम अर्जच भरलात."

हे सगळं गिळून थोरली आता धाकटीच्या मशीनपाशी उभी होती. बँकेचा माणूस कागदावर टिपत होता. "काम बारा महिने असतं का यांचं? की मध्ये मध्ये बंद?"

थोरलीच्या जिभेवर शब्द आले. मागच्या पावसाळ्यात पाठ धरली म्हणून धाकटीची मशीन महिनाभर बंद होती. खोटंही बोलावं लागणार नव्हतं. सांगितलं कोणी, हेही कोणाला कळलं नसतं.

"तसं म्हटलं तर..." ती म्हणाली आणि माणसाने मान वर केली.

मशीनच्या पायाशी शर्टांचा ढीग होता. सगळ्या कॉलरी एकसारख्या. पाठीला गरम पाण्याची पिशवी बांधून धाकटीने त्या महिन्यात हातानेच बटणं लावली होती. गरम पाणी थोरलीच करून देत होती, चरफडत का होईना.

"तसं म्हटलं तर पाठ धरली तरी काम सुटत नाही तिचं," थोरली म्हणाली. "आमच्या डोक्याला कटकट असते दिवसभर खडखडाटाची. तेही लिहा."

माणूस हसला. थोरलीला मात्र स्वतःचाच इतका राग आला, की ती त्याला दारापर्यंत सोडायलाही गेली नाही.

धाकटी परत आल्यावर घाबरून विचारू लागली, "काय म्हणाला हो? तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? आहे ते सांगितलं."

कर्ज मंजूर झालं, धाकटी राहायला गेली. सामान हलवायच्या दिवशी थोरलीने कामाचं निमित्त काढलं. पुढेही बरेच दिवस तिचं डोकं दुखत होतं, पाय दुखत होते. शेवटी नवराच म्हणाला, "आता शोभत नाही हं," तेव्हा एका दुपारी ती गेली.

जिना चढतानाच ती दोष शोधत होती. पायऱ्या उंच आहेत. उजेड कमी आहे. धाकटीने दार उघडलं आणि खिडकीतून आलेल्या उन्हाने खोली भरलेली दिसली.

"अगंबाई, ताई! या ना, या. बसा, मी पाणी आणते."

इतकी वर्षं एका घरात काढली, पण धाकटीने तिला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती.

थोरली खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. धाकटीने ट्रेमधून ग्लास आणला. तहान नव्हती, तरी थोरलीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि परक्या घरी पितात तसं, आवाज न करता, सगळं पाणी संपवलं.