डाव्या बाजूची हाक

"अगं ए, तोंड शिवून आलीस का घरून? बोल की!"

मैदानाच्या काठावरून आलेला तो आवाज कडीच्या मनात अजून जसाच्या तसा होता. दोन्ही कान धड होते तेव्हाचा आवाज. शाळेतल्या बाईंचा. अकरा वर्षांची होती ती. गुडघे फुटलेले, नाकात धूळ, आणि चेंडू आला की मुकाट्याने जाऊन हाणायचा एवढंच ठाऊक. बाईंनी तिला खांद्याला धरून गोलकडे पाठ करून उभं केलं.

"मागचं दिसतं का तुला?"

"नाही बाई."

"तिला दिसतं." बाईंनी गोलकीपरकडे बोट केलं. "म्हणून तिचं ऐकायचं. ती 'सोड' म्हणाली की चेंडू सोडायचा. पायाशी असला तरी सोडायचा. का म्हणून विचारायचं नाही."

बावीस वर्षं तिनं हे पाळलं. पुढे खेळणारीचं नाव गोलाबरोबर लिहिलं जातं. मागे राखण करणारीचं काम म्हणजे काही घडूच न देणं, आणि न घडलेल्याला कोण टाळ्या वाजवतो? पण क्लबातल्या पोरी तिला ओळखून होत्या. ही लागली की दार बंद, म्हणून तिचं नाव कडी. तिच्यामागची गोलकीपर ताडमाड उंच, ती शिडी. नऊ वर्षं दोघी एकाच क्लबात, एकीच्या पाठीवर दुसरीची नजर. ड्रेसिंग रूममध्ये पोरी बाकं बडवत चिडवायच्या:

कडी पुढं, शिडी मागं, अशी यांची जोडी,
एकीनं म्हणावं सोड, की दुसरी सोडी!

"लग्न लावून टाका एकदाचं," शिडी म्हणायची. "बाईसाहेब घरातही माझं ऐकतील का, ते बघू."

दोन वर्षांपूर्वी एका कॉर्नरच्या गर्दीत कडीचं डोकं दुसरीच्या डोक्यावर आदळलं. डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. महिनाभर वाजली आणि एके सकाळी थांबली. शिट्टीबरोबर बाकी सगळंच थांबलं. क्लबचा फिजिओ गुडघे वाकवून बघायचा, घोटे फिरवून बघायचा. कानाकडे कोण बघतो? सुट्टीच्या दिवशी तिनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा कानाचा डॉक्टर गाठला, तिला ओळखणार नाही असा.

"नस गेली," तो म्हणाला. "आता डोक्यानं चेंडू मारणं बंद करा. दुसरा कान आहे तोवर."

"डोक्यानं नाही मारला तर घरी बसावं लागेल, डॉक्टर."

"मग बसा घरी," असं म्हणून त्यानं पुढच्या माणसासाठी घंटी दाबली.

ती घरी बसली नाही. ती खेळायची मागच्या फळीत डावीकडे. तिथून गोल उजव्या हाताला मागे, शिडी उजव्या हाताला मागे, सारा संघ उजवीकडे. डावीकडे होती ती नुसती चुन्याची रेघ, आणि रेघ काही बोलत नाही. घरी मात्र पंचाईत व्हायची. आई डाव्या बाजूनं काही विचारायची आणि उत्तर नाही मिळालं की भांडी आपटायची. "टीव्हीत दिसायला लागल्या ना बाई! आता आईला ओ द्यायची म्हणजे कमीपणा." आईला ती शिष्ट झाल्यासारखी वाटली, ते तिनं वाटू दिलं. शिष्ट लेक आईनं चार दिवस अबोला धरून सोसली असती. बहिरी लेक घराबाहेर पडू दिली नसती.

आणि मग ती मॅच आली.

मॅचआधीच्या सरावातच उजवीकडच्या डिफेंडरचा घोटा मुरगळला. बुटांची नाडी बांधत असलेल्या कडीपाशी येऊन कोच म्हणाली, "आज तू उजवीकडे." कडीनं तोंड उघडलं. करार पुन्हा करायचे तेच दिवस होते. तेहतीस वर्षांच्या डिफेंडरनं नाही म्हटलं, तर तिला दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

"चालेल," ती म्हणाली.

तासभर सगळं नीट चाललं. मान सारखी वळवून वळवून तिनं निभावून नेलं. मग पलीकडून एक उंच चेंडू आला, आभाळाला शिवून येणारा. त्याच्यावर डोळे ठेवून ती पाठमोरी मागे सरकत गेली. समोरच्या संघाची स्ट्रायकर बाजूनं धावत आली आणि मध्येच थांबली. कशी थांबली, याचं नवल करायलाही वेळ नव्हता. कडीनं मागे झेप घेतली. तिच्या डोक्याची मागची बाजू कशावर तरी आदळली, आणि ओलं लाकूड मोडावं तसा एक आवाज तिच्या हाडांतून तिला ऐकू आला. कानानं नाही, हाडांनी. वळली तर शिडी गवतावर पडलेली, डावा गाल आत गेलेला, आणि चेंडू कोणाचीच वाट न बघता गोलात घरंगळत चाललेला.

मॅचनंतर बोळकांडीत त्यांची स्ट्रायकर भेटली. गुडघ्यांना अजून गवत चिकटलेलं. "केवढ्यानं ओरडली गं तुमची गोलकीपर! तिच्या 'सोड'नं मीच थांबले. तू कशी नाही थांबलीस?"

"गलका होता," कडी म्हणाली आणि चालत राहिली.

चौथ्या दिवशी कोचनं तिला खोलीत बोलावलं. क्लबचे मॅनेजर खुर्चीत बसलेले. पडद्यावर तीच झेप पुन्हा पुन्हा दाखवत होते, पण प्रेक्षकांच्या गोंगाटाखाली बाकी सगळे आवाज बुडलेले.

"हॉस्पिटलात शिडी म्हणते, हाक दिली होती," कोच म्हणाली. "तुला ऐकू आली?"

"नाही."

शब्द खरा होता. त्यात पैचीही भेसळ नव्हती. म्हणूनच तो कोणी उलटून पाहिला नाही. ठरलं की गोलकीपर हाक द्यायला विसरली. आठवड्याभरात कडीचा करार झाला. सही तिनं एका दमात, ठळक केली, आणि बाहेर आल्यावर तिला त्या ठळक सहीचीच भीती वाटली.

दीड महिना ती शिडीकडे फिरकली नाही. फोनवर दोनदा बोलली, फोन उजव्या कानाला लावून. दुसऱ्यांदा शिडी म्हणाली, "अगं, मला आता नक्की आठवत नाही. ओरडले होते, की मनातच ओरडले? तू तर खोटं बोलणार नाहीस." कडी म्हणाली, "आराम कर." शिडीच्या डाव्या डोळ्यात फक्त उजेड आणि सावली उरली होती. क्लबनं लहान पोरींना गोलकीपिंग शिकवायचं काम देऊ केलं, तर शिडीनं नाही म्हणून सांगितलं. कोच कडीला म्हणाली, "तू जा बाई. तुझं ऐकेल ती."

म्हणून एका दुपारी ती शिडीच्या दारात उभी राहिली. शिडीच्या आईनं दार उघडलं आणि वाट न देता तिच्याकडे बघत राहिली.

"सवड झाली का? ये. आत आहे. उशीत तोंड खुपसते आणि 'सोड, सोड' ओरडते. आवाज तपासते म्हणे. परवा शेजारीण विचारत होती, तुमची लेक कोणाला सोडायला सांगते? मी काय सांगू तिला?"

खोलीत पडदा ओढलेला होता. शिडी पलंगावर बसली होती, गालाच्या हाडावर लांब लाल व्रण, केस कसेतरी बांधलेले.

"आलीस होय? मला वाटलं, दारालाच कडी लागली."

कडी हसायचा प्रयत्न करत तिच्या डाव्या बाजूला बसली. तिथून चांगला कान तिच्याकडे राहत होता. शिडी लगेच सरकली. "इथं नको. इकडून नुसता ठिपका दिसतेस. पलीकडे ये." कडी उठली, खुर्ची ओढून समोर बसायला गेली. "खुर्चीत कसली बसतेस पाहुण्यासारखी? ये ना गं अशी, जवळ." शिडीनं तिला हाताला धरून आपल्या उजव्या अंगाला बसवलं.

आता शिडीच्या धड डोळ्यासमोर कडी होती, आणि कडीच्या मेलेल्या कानापाशी शिडी.

शिडी खाली बघत बोलायला लागली. कडीला खोलीच्या पलीकडचा पंखा ऐकू येत होता, स्वयंपाकघरातलं भांडं ऐकू येत होतं. शिडीचं बोलणं तिला नुसतं खांद्याला कळत होतं, हलक्या कंपासारखं. मान वळवली तर ओठ दिसले असते. ती मान वळवेना. कोचनं पाठवलेलं वाक्य तिनं तयार ठेवलं होतं, पोरींना तुझी गरज आहे, असं काहीतरी. ते म्हणून उठता आलं असतं. मैदान होतं, अजून दोन मोसम होते. ते गेलं तर दुसरं काय येतं तिला?

शिडीनं तिचा दंड हलवला. कडीनं बघितलं. शिडी रडत होती, एका डोळ्यानं जास्त, दुसऱ्यानं कमी.

"दोनदा विचारलं तुला," शिडी म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारवत नाही गं. हाक न देता तुझ्यावर धावून आले असेन, तर तुझीही मान मोडली असती. मी हाक दिली होती की नाही, तेवढंच सांग. मी पोरींसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू?"

कडीनं दंडावरचा तिचा हात धरला. 

"तू विचारलेलं मला ऐकूच आलं नाही."

"अगं, इथं कानापाशी तर..."

"तो कान गेलाय. दोन वर्षं झाली. डॉक्टरनं सांगितलं होतं, मी लपवलं. कोचला नाही सांगितलं, आईला नाही, तुला नाही." तिनं श्वास घेतला. "त्या दिवशी मला उजवीकडे टाकलं, तेव्हाही गप्प बसले. तू हाक दिली होतीस, शिडे. त्यांची स्ट्रायकर तुझ्या हाकेनं जागच्या जागी थांबली. तिनं स्वतः सांगितलं मला, त्याच दिवशी, तुला हॉस्पिटलात घेऊन गेले होते तेव्हा. सगळ्या मैदानानं ऐकली असेल ती हाक. ऐकली नाही ती मी एकटीनं. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."