शिंप्याच्या घरची पाहुणी

"माणूस सांगेल तेच लिहायचं. त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत!" कचेरीतल्या मोठ्या बाईंचा तो करडा आवाज माझ्या अंगात अजून मुरलेला आहे.

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे, लिहिताना कागदाखाली धरतात तो. कारखान्यात माझ्या माथ्यावर लोखंडी चिमटा ठोकला आणि मी मोजणीबाईंच्या हाती आलो. हे नाव त्यांना गल्लीने दिले. दर तीन महिन्यांनी त्या तीच दारे वाजवत. कोण जन्मले, कोण गेले, कोण राहायला आले, सारे माझ्या छातीवर टिपत. कचेरीत म्हणत, "या पुठ्ठ्यावरचे आकडे डोळे मिटून घ्यावेत." आता टॅबलेट आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. पण शिंपीदादांचे घर काही विसरत नाही.

"घरात किती माणसं?" बाईंनी विचारले.

"आम्ही दोघं. नवराबायको."

आत एक तरुण मुलगी रडणारे तान्हे मूल जोजवत होती. "आणि ही?"

"लेक. पाहुणी आलीय. जाईल चार दिवसांत."

सहा महिने राहिलेला माणूसच घरचा धरायचा, असा नियम. बाईंनी दोन लिहिले.

पुढच्या फेरीला बाळ रांगत आले आणि माझा कोपरा चावू लागले. "जाईल हो चार दिवसांत," शिंपीदादा मान वर न करता म्हणाले. शेजारच्या काकू कठड्यावरून फिसकन हसल्या. "दादा, तुमचे चार दिवस भलतेच लांब हो!" शिंपीदादांनी मशीन आणखी जोरात चालवले.

तिसऱ्या फेरीच्या तोंडावर सगळ्या गल्लीला कळले, की पाळणाघर उघडायला तीन वर्षांखालची बारा मुले हवीत. माझ्या कागदांवर अकराच होती. लेकीला दवाखान्यात नोकरी ठरली होती, तीही महिनाअखेरपर्यंतच थांबणार होती. लेकीची आई दिवसभर दुसऱ्यांकडे स्वयंपाकाला. बाळाला ठेवायचे कुठे?

तिसरी फेरी आली. सहा महिने उलटले होते. बाळ मशीनचा पाय धरून उभे होते.

"दोघं," शिंपीदादा म्हणाले.

बाईंचे पेन थांबले. त्यांना बोलायची मुभा नव्हती आणि मला तर तोंडच नव्हते. मित्रांनो, तुमच्या दारी कुणी माणसे मोजायला आले, तर खरे ते सांगा. जे मूल कागदावर नसते, त्याच्यासाठी कुणी पाळणा बांधत नाही.

तेवढ्यात लेक बाहेर आली. हातातला सदरा तिने मशीनवर ठेवला.

"बाबा, पाहुणीला कुणी सहा महिने काजं-बटणं करायला बसवतं का हो?"

मशीन थांबले. कठड्यावर काकू कान टवकारून उभ्या होत्या. शिंपीदादांनी एकदा तिकडे पाहिले, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि आवाज जराही न दाबता म्हणाले,

"चार लिहा, बाई. नांदायला गेली होती, ती परत आलीय. मी तिला पुन्हा पाठवणार नाही."