बाहेरचा माणूस

पेंटरची मुलगी कॉलेजात नापास झाली ती अभ्यास न केल्यामुळे नाही. अभ्यास तिने रग्गड केला होता. ती नापास झाली पाठ दाखवल्यामुळे! सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने वर्गापुढे उभं राहायचं, पडद्यावर स्लाइड दाखवायच्या आणि आठ मिनिटं बोलायचं, असा नियम आहे. ही बया उभी राहिली, वर्गाकडे पाठ केली आणि आठच्या आठ मिनिटं पडद्याशी बोलत राहिली. बरं, बोलली तीही खणखणीत. एकदा मॅडमनी "इकडे बघून बोल" म्हटलं, तेव्हा वळली मात्र आणि दातखीळच बसली. मग पुन्हा पडद्याकडे वळून गाडी सुरू.

"मार्क तुला देऊ की तुझ्या वेणीला?" मॅडमनी शेवटी विचारलं. वर्ग खो खो हसला आणि मार्क वेणीलाही मिळाले नाहीत.

घरी आल्यावर तिने हे सगळं बापाला सांगितलं. बाप मागच्या दारी टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत बसला होता. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून त्याच्या शिडीखाली उभी राहायची, सरळ रेघ मारायची खडूची दोरी धरायची आणि खालून ओरडायची, "बाबा, तिसरं अक्षर डावीकडे पडलंय!" म्हणून तिचं नाव पडलं सुपरवायझर. तेच आता घरीदारी चालतं.

"मग आता काय?" त्याने विचारलं.

"पुढच्या शनिवारी दुसरी संधी. ती गेली की वर्ष गेलं." एवढं बोलून तिने ओठ घट्ट मिटले. रडायची नाही, हे बापाला माहीत होतं. आख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिली.

दुसऱ्या संधीला मॅडमची एक रीत होती. मुलाने बाहेरचा एक माणूस आणायचा, त्या विषयातलं ओ की ठो न कळणारा. विषय काय आहे हेसुद्धा त्याला आधी सांगायचं नाही. बोलणं झालं की मॅडम त्या माणसाला तीन प्रश्न विचारणार. तिन्हींची उत्तरं आली तर पोरगी पास. वर्गातली मुलं काय, दोस्तासाठी माना डोलावतात. बाहेरच्याला कळलं तरच तू सांगितलंस, असं मॅडमचं म्हणणं.

"बाबा, तुम्ही या."

"मी? अगं, मला अक्षरं काढता येतात. तुमच्या त्या इंजिनीअरिंगमधलं मला काय कळतंय, कप्पाळ!"

"म्हणूनच तर."

पेंटर हो म्हणाला.

विषयाची तालीम त्याच्यासमोर करता येत नव्हती, म्हणून दुसऱ्याच गोष्टींची सुरू झाली. "सायकलचं पंक्चर कसं काढतात ते सांग," तो म्हणाला. तो आणि तिची आई खुर्च्यांवर बसले, ही समोर उभी राहिली. पहिलं वाक्य यांच्याकडे बघून आलं, दुसरं छताकडे आणि तिसऱ्याला बाईसाहेब भिंतीकडे वळून भडाभडा बोलायला लागल्या.

"अगं, हे काय! थांब, मी दाखवतो," म्हणत पेंटर उठला. "माणसांकडे बघायचं. हे असं. आधी चाक काढायचं, मग ट्यूब..." आणि तो रंगात येऊन बोलतच सुटला.

तिची आई पदर तोंडाला लावून हसत होती. "अहो, कपाटाला कळलं सगळं. आम्हालाही सांगा की!"

पेंटरने बघितलं तर खरंच त्याचं तोंड कपाटाकडे होतं. कधी वळला, त्याला पत्ताही नव्हता. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीस वर्षं तो भिंतीकडे तोंड करून रंगवतोय आणि भिंतीकडे तोंड करूनच बोलतोय. गिऱ्हाइकाशी, चहावाल्याशी, पोरीशीसुद्धा. पोरगी बोलायला शिकली ती शिडीखाली, त्याच भिंतीकडे बघत. म्हणजे ही खोड तिची नव्हतीच, त्याने दिलेली होती! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी तो तिला कामावर घेऊन गेला. एका औषधाच्या दुकानाची पाटी अर्धी झाली होती. एक अक्षर पुरं करून तो शिडीवरून उतरला आणि तिचा हात धरून रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेला.

"मी हे का करतो?"

"अक्षर नीट दिसतंय का बघायला."

"कुणाला दिसतंय? वर मला तर दिसतंच. पाटी दुकानाची असली तरी वाचणारा इथं उभा असतो. प्रत्येक अक्षराला उतरायचं आणि इथं यायचं. कंटाळा केला की पाटी बिघडली." मग जरा अडखळत म्हणाला, "तुझा तो पडदा असेल ना, तो लाव आणि सोड. उतर तिथून. लोकांत जा आणि तिथून बोल."

तिने त्या अर्ध्या पाटीकडे बघितलं. "माझ्या स्लाइडवर फार अक्षरं आहेत, बाबा," ती म्हणाली. "इथून एकही वाचता येणार नाही." त्या दिवशी घरी जाऊन तिने निम्म्याहून जास्त मजकूर उडवला.

शनिवारी पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात गेला. नखांत निळा रंग होता, तो काही केल्या निघाला नव्हता. मॅडमनी त्याला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. "तिच्याकडून जे कळेल तेच सांगायचं हं," त्यांनी बजावलं. चाळीस मुलं आजूबाजूला कुजबुजत होती. पेंटरला दरदरून घाम फुटला.

पडद्यावर पुलाचा मोठा फोटो आला. पुलाच्या मधोमध आडवी फट. खाली चारच शब्द : ही फट कुणी ठेवली?

सुपरवायझरने बटण सोडलं आणि प्लॅटफॉर्मवरून सरळ खाली उतरली. पहिल्या बाकाशी येऊन उभी राहिली. "पुलावरून गाडी जाताना खडक् असा आवाज येतो ना? तो या फटीचा," ती म्हणाली. आवाज थरथरत होता. पाय मागे वळू बघत होते, हे बापाला दिसत होतं. पण वळली नाही पठ्ठी! ऊन तापलं की पूल फुगतो, थंडीत आक्रसतो. त्याला हातपाय पसरायला जागा हवी, म्हणून ही फट मुद्दाम ठेवतात. दर स्लाइडला ती मागे जायची, बटण दाबायची आणि पुन्हा लोकांत यायची. मागच्या बाकावरची कुजबुज कधी थांबली ते कळलंही नाही. पेंटर तर घाम पुसायचाही विसरला.

टाळ्या झाल्या. पडदा बंद झाला. मॅडम पेंटरकडे वळल्या.

"फट का ठेवतात?"

"पूल उन्हानं फुगतो, त्याला जागा लागते."

"सगळीकडे सारखीच ठेवतात का?"

"नाही. जितका लांब पूल, जितका हवामानात फरक, तितकी जास्त."

"आणि त्या फटीत खडी जाऊन बसली तर?"

पेंटरने तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर त्याला येत होतं! चार वर्षांपूर्वी तो एका पुलाच्या खांबांवर आकडे रंगवत होता, तेव्हा वर गडी पहारींनी फट साफ करत होते. खडी बसली की फुगायला जागा उरत नाही आणि कडा फुटतात, हे त्यांनीच त्याला सांगितलं होतं. पण पोरीने ते आज सांगितलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बोलण्याच्या भरात बटण दोनदा दाबलं गेलं होतं आणि नेमकी तीच स्लाइड निसटली होती.

एक वाक्य बोललं की वर्ष वाचत होतं.

"मला माहीत आहे, मॅडम," तो म्हणाला. "पण तिच्याकडून नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "अहो, सांगून टाकलं असतं तर मला काय कळणार होतं? पोरगी पास झाली असती."

"मी पास झालो असतो, मॅडम. ती नाही."

हे काय करून बसलो, असं त्याला वाटत होतं. बायकोला काय तोंड दाखवणार?

तेवढ्यात सुपरवायझर पुढे आली. "मॅडम, माझी एक स्लाइड सुटली. मला एक मिनिट द्या."

"पडदा बंद केलाय."

"पडदा नको मला."

मॅडमनी घड्याळ बघितलं, मग पेंटरकडे बघितलं. "बाहेरचा माणूस अजून खुर्चीत आहे. बोल."

ती बोलली. हाताशी बटण नाही, मागे चित्र नाही. दोन्ही तळहात समोर धरले, मध्ये बोटभर फट ठेवली आणि तळहात पूल झाले. "इथं खडी बसली," ती म्हणाली, "आणि वर ऊन तापलं." तळहात एकमेकांवर दाबले, बोटं वाकडी झाली. "पूल फुगायचा थांबत नाही, मग कडा फुटते. म्हणून इंजिनीअरइतकाच ही फट झाडणारा माणूस महत्त्वाचा." ती चाळीस जणांकडे बघून हे बोलत होती आणि आवाज जराही कापत नव्हता.

"आता?" मॅडमनी पेंटरला विचारलं.

त्याने उत्तर दिलं. कुठल्या शब्दांत दिलं ते त्याला नंतर आठवेना. मॅडम "पास" म्हणाल्या, वर्ग ओरडला, बाकं बडवली गेली, आणि पेंटर आपला पोरीकडे बघतच बसला. बोलताना तिची डावी भुवई वर जाते. अगदी त्याच्या आईसारखी. तिच्या आईला माहीत असेल, गल्लीला माहीत असेल, पण वीस वर्षांत त्याने तिला बोलताना समोरून असं नीट कधी बघितलंच नव्हतं. आवाज तेवढा ऐकला होता, शिडीखालून येणारा. त्याचे डोळे भरून आले आणि छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटतं की काय!

"ती माझी मुलगी आहे," त्याने शेजारच्या मुलाला सांगितलं, त्याच्या तोंडाकडे बघून.

"माहीत आहे, काका," तो म्हणाला.

"असू दे," पेंटर म्हणाला. आणि मागे वळून त्याने मागच्या बाकालाही सांगितलं.