खांबावरचा लाल दोन

ग्राफसाहेबाचं खरं नाव तात्यांना ठाऊक होतं, पण ते तोंडाने घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ज्याने ऑफिसात बसून नुसते ग्राफ काढले, जन्मात खांबाला हात लावला नाही, त्याने वीज कशी खेळवायची ते शिकवावं! उथळ पाण्याला खळखळाट फार. तात्यांची एकतीस वर्षं वीज कंपनीच्या टेस्टिंगमध्ये गेली होती, आणि तेवढ्या काळात त्यांना हुशार वाटलेली माणसं दोनच. एक ते स्वतः. दुसरे वारले होते.

यावेळचं भांडण रिक्लोजरवरून होतं. ही खांबावरची एक पेटी. तारेवर फांदी पडली की ती वीज तोडते, जरा थांबते आणि आपणच जोडून बघते. बिघाड गेला असेल तर ठीक, नसेल तर पुन्हा तोडते. किती वेळा जोडून बघायचं आणि मधे किती थांबायचं, हे टायमरमध्ये भरणं तात्यांचं काम. नदीकडच्या लाइनला दोन प्रयत्न होते. पहिला दोन सेकंदांनी, दुसरा पंधरा सेकंदांनी, मग पेटी गप्प. साहेबाने हुकूम काढला की तिसरा वाढवा, नव्वद सेकंदांनी.

"तीन मिनिटांच्या आत वीज परत आली ना तात्या, तर ती गेलीच नाही असं धरतात. रिपोर्ट कसा स्वच्छ दिसेल बघा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, साहेब," तात्या म्हणाले. साहेबाला ते कौतुक वाटलं.

सोमवारी तात्यांनी जाऊन आकडे भरले. एक काम मात्र केलं नाही. जितके प्रयत्न, तेवढा आकडा टेस्टरने खांबावर लाल रंगात काढायचा, अशी तिथली जुनी पद्धत. लाइनमन तो वाचत, पेटीचे खटके मोजत आणि आकडा भरला की लाइन मेली असं धरून कामाला लागत. आधी वीज तपासायची, मग तार जमिनीशी जोडायची, हा नियम पुस्तकात होता आणि पुस्तक कपाटात. तात्यांनी रंगाचा डबा उघडलाच नाही. "ज्याने वाढवला त्यानेच येऊन रंगवावा," असं ते शिडीवरून मोठ्याने म्हणाले. ऐकायला खाली कुणी नव्हतं. लाइनमन लोकांना फोन करून सांगणं तर त्यांना त्याहून कमीपणाचं वाटलं. त्या लोकांत त्यांचा जावईही होता. पोरीने चांगली खुर्चीतली स्थळं सोडून हा खांबावर चढणारा पसंत केला, हे तात्यांनी सहा वर्षांत गिळलेलं नव्हतं. स्वतः आपण आयुष्य शिडीवरच काढलं, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

गुरुवारी सकाळी मीटिंग होती. भिंतीवरच्या पडद्यावर साहेब लाइनी दाखवत होता, तेवढ्यात नदीकडची रेघ लाल झाली, म्हणजे वीज तुटली.

"अरे वा, अगदी वेळेवर!" साहेब खुलला. "आता गंमत बघा."

पहिला प्रयत्न फसला. दुसराही फसला. कोपऱ्यात नव्वदपासून उलटे आकडे सुरू झाले, आणि तात्यांना सकाळचा कामाचा फळा आठवला. नदीकडे झाडं छाटायला जावयाची टोळी गेली होती. खांबावर लाल दोन होता आणि दोन खटके होऊन गेले होते.

त्यांनी जावयाला फोन लावला. नुसता वाजत राहिला.

"साहेब, सबस्टेशनला सांगा, मागून लाइन तोडा! आत्ता!"

"का? अजून तिसरा प्रयत्न आहे."

"खाली माणसं आहेत! खांबावर दोनच लिहिलंय!"

"मग तीन का नाही लिहिलं?"

ग्राफसाहेबाने नोकरीत विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. साहेबाने घाईने सबस्टेशनचा नंबर फिरवला. तो एंगेज लागला. आकडे संपले, रेघ क्षणभर हिरवी झाली आणि पुन्हा लाल झाली.

तात्यांनी स्कूटर कशी हाणली ते त्यांनाच ठाऊक. जावई रस्त्याकडेला बसून पाणी पीत होता. टोळीतले दोघे पांढऱ्याफटक चेहऱ्याने तारेवरच्या फांदीकडे बघत होते.

"तिसरा खटका तुम्ही वाढवलात, मामा?"

तात्यांनी होकाराची मान हलवली.

"हे दोघे काठी घेऊन फांदी ओढायला निघालेच होते. मी म्हटलं, थांबा, आधी तपासू. मी नाही मोजत बसत. पोरं हसतात मला."

"शहाणे आहात," तात्या कसेबसे म्हणाले. एकतीस वर्षांतला हा तिसरा हुशार माणूस. "कुणी शिकवलं?"

जावयाने पाण्याची बाटली बाजूला ठेवली.

"तुमच्या मुलीने. लग्न झालं तेव्हाच म्हणाली, बाबा रागावले की काम अर्धवट टाकतात. त्यांच्या आकड्यावर विसंबून चढू नकोस."

तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी डिकीतून रंगाचा डबा काढला. रंग वाळून झाकण घट्ट बसलं होतं, त्यांना उघडेना. जावयाने डबा हातातून घेतला, झाकण उघडलं आणि परत दिला. मग तो शिडी धरून उभा राहिला.