चौकटीबाहेरची गादी

मी गादी बोलतेय. झोपायची गादी नव्हे हं, तेवढं सुख माझ्या नशिबी नव्हतं. मी उडीची गादी. मारामारीच्या चित्रपटात कुणी गच्चीवरून कोसळतं, कुणी जळत्या खिडकीतून बाहेर झेपावतं, ते सगळं माझ्या अंगावर येऊन आदळतं. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी दिसले तर चित्रपटच फसला! आज उघड्यावर पडलेय, पोट फाटलंय, तेव्हा म्हटलं, बोलून घ्यावं. कुणाला राग आला तर येऊ दे बापडा.

एका गादीवाल्यानं मला शिवलं. वरून जाड ताडपत्री, आत फोमचे तुकडे ठासून भरलेले. हात मारला की मी कशी टम्म वर यायचे! मला विकत घेतलं एका फाइटमास्टरनं. मारामाऱ्या बसवायच्या, माणसं पाडायची, हा त्याचा धंदा. तो मला टेम्पोत घालून घेऊन गेला आणि तिथून माझ्या नशिबाचे धिंडवडे सुरू झाले.

माझे चित्रपट तुम्हाला ऐकूनसुद्धा ठाऊक नसतील. नावं मोठी आणि लक्षणं खोटी! आधी घोड्यावरच्या बुरखाधाऱ्यांचे आले. मग जो तो उठून हातांनी विटा फोडायला लागला. मग मोटरसायकली आल्या, पुढे उघड्या अंगानं मशिनगन चालवणारे आले. परदेशातली चित्रपटांची युनिटंही यायची. त्यांच्याकडे कमी पैशांत कुणी हाडं मोडून घेत नाही म्हणून आमच्याकडे यायची. भाषा वेगळी, टोप्या वेगळ्या, पण उडी मारायचा कडा तोच, खलनायकाचं ते खोटं हसणं तेच. हे चित्रपट कुठल्यातरी गावातल्या गळक्या थिएटरात चार दिवस चालायचे आणि गुंडाळले जायचे.

आणि घाण किती म्हणून सांगू! रक्त म्हणून साखरेचा पाक ओतायचे, पुसायचं मात्र कुणाला सुचत नसे. मग रात्रभर मुंग्या. जेवणाच्या सुट्टीत सगळं युनिट माझ्यावर पसरायचं, खरकटे हात मलाच पुसायचं. शी! पण खरी किळस आली ती हिरोची. उडी मारायची दुसऱ्यानं. मग ह्यानं यायचं, अलगद माझ्यावर आडवं व्हायचं, केसांचं तेल मला माखायचं, कॅमेरा जवळ आला की तोंड वेडंवाकडं करून उठायचं. आणि पत्रकार आले की, "माझ्या सगळ्या उड्या मीच मारतो." आयत्या बिळावर नागोबा! तोंड असतं तर तेव्हाच थुंकले असते.

पडणाऱ्यांत मला जीव लावावासा वाटला तो एकीलाच. मास्टरची धाकटी बहीण. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती हवेत गिरकी घेऊनच खाली यायची. हिरोइनची उडी तीच मारायची. उडीआधी मला चापट मारून म्हणायची, "सांभाळ गं बाई." मीही सांभाळायचे.

एकदा मात्र घात झाला. ती वर जाऊन उभी राहिली आणि कॅमेरामन ओरडला, "मास्टर, गादीचा कोपरा चौकटीत येतोय!" ऊन उतरत होतं. मास्टरनं पायानं मला ढकललं, हातभर. वर बहिणीला हाक मारून सांगायचं, तर ते राहिलं. ती तिच्या हिशोबानं बरोबर उडी मारून आली. अर्धी माझ्यावर, अर्धी फरशीवर. खुबा गेला तो कायमचा.

आणि पुढचं ऐका. ते पडणं त्यांनी चित्रपटात तसंच ठेवलं. का तर म्हणे, काय खरं वाटतंय! तोच तुकडा कापून आणखी कुठल्या कुठल्या चित्रपटांत चिकटवला. एकीचं हाड मोडलं आणि इतक्या जणांची घरं चालली. मला तर माणूसजातीचाच वीट आला.

तेव्हापासून आमच्यात एक नियम पडला. ज्याची उडी, त्यानंच गादी लावायची. एकदा लावली की देव जरी आला तरी तिला हात लावायचा नाही. नियम चांगला होता, नाही म्हणत नाही. पण माझ्या पोटात काय चाललंय ते बघायचा नियम कुणी केला नाही. वर्षानुवर्षं माणसं आदळून माझा फोम कुजला, त्याचा भुगा झाला. एक कोपरा तेवढा शाबूत राहिला. मास्टरला कळत नव्हतं असं नाही. हात मारला की हात खाली जायचा! पण नवी गादी आणायची तर निर्मात्याशी भांडा. त्यापेक्षा त्यानं माझ्यावर कोरी करकरीत ताडपत्री शिवून घेतली. वरून कीर्तन, आतून तमाशा. मला स्वतःचीच शिसारी आली.

आणि अशा माझ्यावर पहिली उडी घ्यायला कोण यावं? भिंगरीची मुलगी! आईसारखीच चपळ, आईपेक्षा हट्टी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी होती. सकाळपासून मामाच्या मागे मागे, "मामा, गिरकी घेऊ का? मामा, हात पसरू का?" नियमाप्रमाणे तिनं स्वतः मला ओढलं, खाली पुठ्ठ्याची खोकी रचली, वर मला ठेवलं. चापट मारली तीही नेमकी त्या शाबूत कोपऱ्यावर! खूश होऊन वर गेली. मी आतल्या आत ओरडत होते, "अगं पोरी, मधे हात लाव, मधे!" पण गादीचं कोण ऐकतंय?

भिंगरी लंगडत लंगडत मुलीची उडी बघायला आली होती. पाय दुखत होता म्हणून तिनं माझ्यावरच बसकण मारली. आणि ती थेट खाली गेली. मी जवळजवळ नव्हतेच, खालच्या खोक्याची कड तिच्या त्याच मोडक्या खुब्याला लागली. मग उठली आणि भावासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, गादीत काही नाहीये."

"अगं, नवी ताडपत्री आहे. बसलीस म्हणून तसं वाटलं."

"मी आयुष्यभर पडलेय. मला सांगतोस?"

"खाली खोकी आहेत ना! तू जरा बाजूला हो, चौकटीत येतेस."

चौकटीत येतेस! बहिणीला हे म्हणाला! त्याला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली की नाही, मला ठाऊक नाही. मला मात्र ओकारी आली.

दिग्दर्शकानं हात वर केला. वाऱ्याचा मोठा पंखा सुरू झाला. भिंगरीनं वर बघून हाका मारल्या, पण त्या घरघरीत वर काय पोचणार? पोरगी खिडकीत उभी राहून हसून हात हलवत होती. आई कौतुकानं ओरडतेय असंच तिला वाटलं असणार.

भिंगरी धावली ती हत्यारांच्या टेबलाकडे. तलवार उचलली, तर पातंच वाकलं. सुरा उचलला, रबराचा. कुऱ्हाड तर थर्माकोलची निघाली. मेल्यांनो, जन्मभर मारामाऱ्या दाखवता आणि तुमच्याकडे कापेल असं एक पातं नाही! शेवटी कपडेवाल्या शिंप्याच्या गळ्यातली कात्री तिनं हिसकावली, माझ्यापाशी आली आणि माझ्या पोटात खुपसली. इकडून तिकडे टराटरा फाडलं.

पंख्याचा वारा होताच. माझा सगळा भुगा उडाला. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत, कॅमेऱ्यावर, मास्टरच्या उघड्या तोंडात. पंखा बंद झाला. शिव्यांचा पाऊस पडला.

पोरगी जिना उतरून धापा टाकत आली. "आई! माझी पहिली उडी होती! सगळ्यांसमोर माझं वाटोळं केलंस!"

भिंगरीनं माझ्या पोटात हात घातला आणि मूठभर भुगा लेकीच्या हातावर ठेवला. "ह्याच्यावर पडणार होतीस, बाळा."

पोरीनं तो मुठीत चुरला. मग मामाकडे वळली. "मामा, तुला माहीत होतं?"

मास्टर म्हणाला, "अगं, एवढ्या वर्षांत कुणी मेलं का माझ्या गादीवर?"

तिनं हात झटकले. हिरोइनचा केसांचा टोप काढला, मामाच्या हातात दिला आणि आईच्या खांद्याखाली खांदा घातला. मायलेकी फाटकाबाहेर गेल्या. पुन्हा त्या कुणाच्या नजरेस पडल्या नाहीत, निदान माझ्या तरी नाही.

मला मागच्या अंगणात भिरकावलं. ऊन खाते, सगळ्यांचं बोलणं ऐकते. त्या दिवसाचं नुकसान किती झालं ह्यावरच सगळ्यांच्या चर्चा. पोरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. काढतील तरी कशाला?

तुम्ही कधी असला एखादा जुना, विसरलेला चित्रपट बघायला बसाल. माणूस उंचावरून पडेल, तुम्ही हसाल, टाळ्या पिटाल. पिटा बापडे. फक्त तो खाली आल्यावर पुढचं दृश्य येण्याआधी एकदा मनात म्हणा, हा उठला का रे? एवढं केलंत तरी माझं पडून राहणं सार्थकी लागेल. किती उड्या झेलल्या मी, पण खरं सांगू? त्यातली एकच मला मनापासून आवडली. ती झालीच नाही.