गाडीच्या पोटात पावशेर हळद

बहात्तरच्या दुष्काळानं आश्रुबा मिस्त्रीला घरी बसवलं. तेलगावच्या शिवारात विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करावीत ती त्यानंच. पण विहिरीच कोरड्या पडल्यावर इंजिनाला कोण विचारतो? हाताशी उरलं एकच काम, सर्जेरावांची अमेरिकन गाडी.

सर्जेराव होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे कर्तेधर्ते. गुरांना कडबा मिळेना आणि हा गृहस्थ उद्याच्या उसासाठी गावोगाव सभासद गोळा करत हिंडायचा. पंचावन्न सालचं ते आठ सिलिंडरांचं धूड त्यांनी हैदराबादेत एका नवाबाच्या वारसांकडून हौसेनं आणलं, आणि तिथून त्यांच्या मागं साडेसाती लागली. आधी पाण्याचा पंप गेला. मग डायनॅमो, मग पुढची स्प्रिंग. प्रत्येक सामान मुंबईहून यायचं आणि प्रत्येक बिलाला दावणीचं एक जनावर विकल्यागत वाटायचं. एवढ्यात रेडिएटर गळायला लागला. त्याच्या आतल्या नव्या जाळीचे चौदाशे रुपये पडतील, असं मुंबईच्या दुकानदाराचं पत्र आलं. सर्जेरावांनी ते घडी घालून खिशात ठेवलं.

“अण्णा, चौदाशे कशाला घालता? मी बघतो की,” आश्रुबा म्हणाला. म्हणणारच. कारखान्यात फिटरची जागा तुझी, असा शब्द सर्जेरावांनी त्याला दिला होता. त्या एका शब्दावर त्याचं घर तग धरून होतं.

जीपच्या रेडिएटरात चमचाभर हळद टाकली की बारीक भोक बुजतं, हे त्यानं एका ट्रक ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण शहाण्यानं हिशेब केला: जीपला चमचा, तर एवढ्या मोठ्या गाडीला किती? बायको सिंधुबाईच्या डब्यातली पावशेर हळद त्यानं आत ओतली. गळती थांबली. सर्जेरावांनी पाठ थोपटली आणि आश्रुबा दोन दिवस गावातून छाती काढून फिरला.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या मंजुरीसाठी बीडला जायचं होतं. मंजुरी देणाऱ्या साहेबांनी अकराची वेळ दिली होती. आश्रुबा गाडी चालवत होता, मागं सर्जेराव कागद चाळत बसले होते. वडवणी ओलांडली आणि उष्णतेचा काटा हलला. उन्हानं असेल, आश्रुबानं मनाला सांगितलं. काटा आणखी चढला. रस्त्याकडं कमी आणि काट्याकडं जास्त, असं त्याचं बघणं चाललं. हात घामानं चाकावरून निसटू लागले. शेवटी बॉनेटमधून वाफ फुटली तेव्हा गाडी उभी करण्यावाचून इलाज उरला नाही.

रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चाललं होतं. शे-दीडशे माणसं खडी फोडत होती. आश्रुबानं बॉनेट उघडलं. रेडिएटरला वरून हात लावला तर चटका बसला. खाली लावला तर गार. पाणी वरून खाली उतरतच नव्हतं. आतल्या नळ्या हळदीनं बुजल्या होत्या. आता हिच्यात पाणी घालणं आणि फुफाट्यात ओतणं सारखंच.

“काय झालं?” सर्जेराव खाली उतरले.

“तापली, अण्णा.” एवढंच तो बोलला.

“मग पाणी घाल. कशाला थांबलास?”

पाणी होतं ते मजुरांच्या पिपात. दोन दिवसांनी एकदा टँकर यायचा. पण खुद्द सर्जेराव म्हटल्यावर मुकादम त्रिंबक पळत जाऊन घागर भरून घेऊन आला. खडीवरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. कुणी नाही म्हटलं नाही, सगळ्या नुसत्या घागरीकडं बघत होत्या. इंजिन निवेपर्यंत आश्रुबाला बोलायला वेळ होता. चांगली वीस मिनिटं होती. फिटरची जागा डोळ्यांपुढून हलेना आणि तोंड उघडेना. त्यानं घागर ओतली.

गाडी सुरू झाली. दोन मिनिटांत काटा वर गेला आणि सगळं पाणी पिवळं होऊन फसफसत मातीत पडलं. मागं कुणीतरी हळहळलं.

“अजून एक आण,” सर्जेराव त्रिंबकला म्हणाले. त्रिंबक पिपाकडं वळला. तेवढ्यात तुळजाबाई नावाची म्हातारी पुढं आली. पदराआड झाकलेला आपला तांब्या तिनं आश्रुबापुढं धरला. “हे बी घे बाबा. कारखाना झाला तर लेकरं ऊस तोडाय दूर जायाची न्हाईत.”

आश्रुबानं तांब्या मागं सारला. “नगं, मावशे! त्रिंबक, थांब! पाणी घालून भागायचं न्हाई, अण्णा. मीच लई हळद घातली. नळ्या बुजल्यात. मघाच कळलंतं मला.”

“मघाच?” सर्जेरावांनी विचारलं. “घागर ओतायच्या आधी?”

आश्रुबानं मान डोलावली.

सर्जेराव ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळ बघितलं, कागद काखोटीला मारले आणि खडी टाकून बीडकडं निघालेला ट्रक हात करून थांबवला. चढता चढता म्हणाले, “हळदीचं जाऊ दे, चूक कुणाचीबी हुती. पण कारखान्यात बॉयलर असतोय, आश्रुबा. तिथं कुणी मघा कळलेलं मागनं सांगितलं, तर माणसं मरत्यात.”

ट्रक गेला. मागं धाव घ्यावी, पाय धरावेत, असं आश्रुबाला वाटलं. पण म्हणायचं काय? अण्णा बोलले होते ते खरंच होतं.

दुपारी पाण्याची पाळी झाली. रोज एक तांब्या मिळायचा, आज पाऊणच आला. आश्रुबा गाडीच्या सावलीला तोंड लपवून बसला होता. तुळजाबाई आली आणि आपल्या पाऊण तांब्यातलं अर्धं त्याच्यापुढं धरून म्हणाली, “पी. सकाळधरनं उन्हात हाईस.”

नको म्हणायला हवं होतं. पण घशाला कोरड पडली होती. त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि रडत रडत ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.